तिच्या नावापुढची रिकामी ओळ

भाचीच्या पदवीदान समारंभाला जाऊन आले त्याला आता तीन आठवडे होतील, फोटो सगळ्यांना पाठवून झाले, कौतुक करून झालं, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. गोष्ट म्हणजे चार-पाच सेकंदांची आहे. लॉचे विद्यार्थी एकेक करून स्टेजवर येत होते, माइकवरच्या बाई आधी नाव वाचायच्या, मग शिकताना काय मिळवलं ते, आणि मग पुढे कुठे जाणार ते. मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धेत पहिला, मोठ्या फर्ममध्ये रुजू होतोय. टाळ्या. कॉलेजच्या जर्नलची संपादक, न्यायाधीशांच्या हाताखाली वर्षभर काम करणार. टाळ्या. असं एका लयीत चाललं होतं आणि मीही त्या लयीत टाळ्या वाजवत होते, कोणाचं का पोर असेना, छान वाटत होतं. मग एक उंच मुलगी आली, गाऊन तिला चांगला वीतभर आखूड, पायात साधे कापडी बूट. बाईंनी तिचं नाव वाचलं आणि त्या थांबल्या. पुढे काही नव्हतंच. सगळ्या हॉलला वाटलं अजून काहीतरी येतंय, त्यामुळे हात नुसते उचलले गेले आणि तसेच राहिले, तोवर ती स्टेज ओलांडून पलीकडे पोचली पण. मागून कुठूनतरी थोड्या टाळ्या आल्या.

माझे हात मांडीवर होते.

कारणं शोधून झाली. हातात मोबाईल होता, कारण तिच्या लगेच मागे भाचीचा नंबर होता आणि रेकॉर्डिंग चुकायला नको होतं. पण त्याच मोबाईलसकट मी आधीच्या पन्नास-साठ जणांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, मनगटावर तळहात आपटून. तेव्हा कुठे मोबाईल आड आला? खरं कारण मला माहितीये. पुढची ओळ ऐकल्याशिवाय हिच्यासाठी किती वाजवायच्या ते मला कळेना. हे असं लिहिताना सुद्धा पोटात कसंतरी होतंय, कारण मी स्वतःला तसल्या माणसांतली समजत नव्हते.

भाचीची ही सगळी वर्षं मी फोनवरून ऐकलीयेत. तिला वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय डोक्यात बसत नाही, लहानपणापासूनचं आहे ते, आणि ताईला रात्री लवकर झोप लागते म्हणून तो मान माझ्याकडे आला. साडेदहा-अकराला फोन वाजायचा, मावशी झोपलीस का, आणि मी अंधारातच नाही गं बोल म्हणून उठून बसायचे. पहिल्या वर्षी तिने सगळ्यात आधी सांगितली ती गोगलगायीची केस. लॉच्या पोरांना ती पाठच असते म्हणे, माझ्यासाठी मात्र नवीन होती. स्कॉटलंडमधल्या पेझलीला १९२८ च्या ऑगस्टमध्ये मे डोनह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत बसली, मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली, थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतायला गेले तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली. बाटलीची काच गडद, आत काय आहे ते दिसायची सोयच नाही. पैसे दिले मैत्रिणीने, म्हणजे हिचा कोणाशी करार नाही, मग ही दाद मागणार कोणाकडे. केस हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेली, तिथे खर्च झेपणार नाही म्हणून बाईने आपण निर्धन आहोत असं लिहून दिलं, आणि १९३२ ला पाच न्यायाधीशांतल्या तिघांनी सांगितलं की ती बाटली ज्याच्या तोंडाला लागणार त्याची काळजी घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहेच, करार असो नसो. यातलं भाचीला सगळ्यात आवडलेलं वेगळंच. बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, त्याआधीच प्रकरण मिटवलं गेलं. मावशी, कोणीच सिद्ध न केलेल्या गोगलगायीवर आम्ही सगळे वकील होतोय, असं म्हणून ती एवढी हसली की मलाच सांगावं लागलं, अगं हळू, आजूबाजूचे उठतील.

मग हळूहळू तो आवाज बदलत गेला. दुसऱ्या वर्षी ती वाक्याच्या मध्येच थांबायला लागली, म्हणजे असं बोलायची की आधी एक बाजू मांडायची आणि मग स्वतःच म्हणायची, पण समोरचा काय म्हणेल. साधं मी म्हटलं की शेजारच्यांनी वाईट केलं, तर ही विचारणार, त्यांचं म्हणणं ऐकलंस का. सुरुवातीला रागच यायचा. शेवटच्या वर्षी इंटर्नशिपच्या नकाराच्या मेल यायला लागल्या तेव्हा रात्री फोन लावून नुसती गप्प बसायची, मी इकडून तिचा श्वास ऐकायचे, आणि पाचेक मिनिटांनी ती म्हणायची, ठेवते, बरं वाटलं. त्यामुळे तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला काय झालं असेल ते ज्यांच्या घरात कोणी हे शिकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पुकारलं गेलं, असंच लिहिलं गेलं बघा हातून. तो शब्द माझ्या मनात कोर्टाचा आहे, त्याच्याकडे येते.

आधी त्या हॉलबद्दल सांगते, कारण माझ्या एका चुकीपायी तो दिवसच झाकोळून टाकला तर ते त्या पोरांवर अन्याय केल्यासारखं होईल. फार सुंदर दिवस होता तो. इस्त्रीचा आणि नव्या कापडाचा वास, गाऊनच्या बाह्या सावरत रांगेत कुजबुजणारी मुलं, टोपी घसरू नये म्हणून ताठ धरलेल्या माना. एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते, दिवसा नोकरी आणि संध्याकाळचे वर्ग असं करून शिकलेले, त्यांच्यापुढची ओळ होती, स्वतःच्या मुलीच्या ऑफिसात ज्युनियर म्हणून काम करणार. ती ऐकल्यावर हॉल जो उसळला की बाईंना पुढचं नाव दोनदा वाचावं लागलं. मला नेल्सन मंडेला आठवले. त्यांनी १९५२ ला ऑलिव्हर टाम्बोबरोबर जोहान्सबर्गमध्ये वकिलीचं ऑफिस उघडलं तेव्हा ते वकील होते पण एलएलबी झालेले नव्हते, ती डिग्री राहूनच गेली आणि पूर्ण झाली थेट १९८९ ला, कैदेत असताना, सत्तरी पार केल्यावर. समारंभाला त्यांना कोण सोडणार, त्यांच्या गैरहजेरीतच पदवी दिली गेली. भाचीने हे सांगितलं होतं तेव्हा मी विचारलं होतं, आता त्या वयात कशाला पाहिजे होती त्यांना, आणि ती म्हणाली होती, अर्धवट राहिलेलं टोचतं गं मावशी.

एक मुलगी छोट्या बाळाला कडेवर घेऊनच स्टेजवर आली, बाळाने सरळ कुलगुरूंच्या गळ्यातल्या झालरीला हात घातला. एक मुलगा पदवी घेताना इतका थरथरत होता की मला खालून ते कागदाचं भेंडोळं हलताना दिसत होतं. आणि पुढच्या ओळी तरी किती तऱ्हेच्या. कोणी डेटा आणि प्रायव्हसीच्या कायद्यात जाणार होतं, कोणी ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू मांडणार होतं, कोणी जंगल आणि पाण्याच्या केसेस लढणार होतं, कोणाला न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं होतं, एकाला कायदा शिकवायचा होता आणि ते वाचलं गेल्यावर स्टेजवर बसलेल्या त्याच्या सरांनी डोळे पुसले. बावीस-तेवीसच्या वयात असं भरल्या सभेत सांगणं, की मी हे करणार आहे, याला धाडस लागतं. मला त्या वयात कोणी विचारलं असतं तर मी खाली बघितलं असतं.

आता पुकाऱ्याचं. मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या घराची केस चालू होती आणि सुट्टी असली की बाबा मला बरोबर न्यायचे, का न्यायचे कोणास ठाऊक, बहुतेक एकट्याने बसवत नसेल. कोर्टाचा लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकलेली बाकं, जुन्या कागदांचा तो दमट, थोडा गोडसर वास, आणि मधूनच दारातून यायचा तो पुकारा. नाव ऐकलं की बाबा ताडकन उठायचे, सदऱ्याची बटणं चाचपायचे, आत जायचे आणि दोन मिनिटांत बाहेर यायचे. पुढची तारीख. आमचे वकील मोठे होते, घाईत असायचे, चालता चालता बोलायचे, आणि बाबा त्यांच्या मागे फाईल छातीशी धरून अर्धवट धावायचे. ते आमच्याशी वाईट वागले असं मी म्हणणार नाही. पण बाबांना चार वर्षांत कोणी बसवून सांगितलं नव्हतं की आपल्या फाईलमध्ये काय लिहिलंय.

एका तारखेला त्या वकिलांच्या ऐवजी त्यांचा एक नवा मुलगा आला होता, नुकताच पास होऊन चिकटलेला असावा, कोट अंगात नीट बसत नव्हता. आत नंबर यायला वेळ होता म्हणून तो आमच्या बाकावर बसला आणि बाबांना म्हणाला, काका, तुम्ही हे वाचलंय का. बाबांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून तेच कळेना. मग त्याने फाईल मांडीवर उघडली आणि पहिल्या पानापासून एकेक ओळीवर बोट ठेवत साध्या भाषेत सांगत गेला, हे आपलं म्हणणं, हे त्यांचं, हा कागद इथे कमी पडतोय. एका ठिकाणी अडला तेव्हा म्हणाला, हे मलाही समजत नाहीये, विचारून सांगतो. त्या दिवशी पुन्हा तारीखच पडली. पण घरी येताना बाबा गप्प होते आणि दाराशी चपला काढताना आईला म्हणाले, आज कळलं आपण काय मागतोय ते. केसचं पुढे जे व्हायचं ते झालं, आम्ही थोडं मिळवलं आणि बरंच सोडलं. त्या मुलाचं नाव मला आठवत नाही, चेहरा पण नाही, ओळीवर सरकणारं ते बोट तेवढं आठवतं, नखाला शाई लागलेली होती.

भाचीने मला गिडियनची गोष्ट सांगितली होती तेव्हा मला हाच व्हरांडा दिसला होता. अमेरिकेत फ्लोरिडातला क्लॅरेन्स गिडियन, १९६१ ची घरफोडीची केस, वकील करायला पैसे नाहीत, कोर्टाकडे वकील मागितला तर मिळाला नाही, स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला, आणि १९६३ ला कोर्टाने सांगितलं की अशा गुन्ह्यात ज्याला परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यायलाच पाहिजे. त्याच्यावरचा खटला पुन्हा चालला, आरोप तोच, माणूस तोच, या वेळी फक्त शेजारी एक वकील उभा होता. जवळपास तासाभरात ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. भाची हे सांगून गप्प झाली आणि मीही. आपल्या शेजारी कोणीतरी उभं असणं याला केवढी किंमत आहे हे बाबांच्या मुलीला कळणार नाही तर कोणाला.

आणि एवढं सगळं माहीत असलेल्या मी त्या मुलीसाठी हात उचलले नाहीत.

समारंभानंतर आठवड्याभराने न राहवून मी भाचीला विचारलंच, तुझ्या आधी आलेली ती उंच मुलगी, तिचं पुढचं काही वाचलं का नाही गं त्यांनी. भाची म्हणाली, अगं ती होय, तिने फॉर्मवर लिहिलं होतं, ऑफिसने छापलं नाही. दोन वर्षं ती कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकमध्ये, म्हणजे गरिबांना फुकट कायद्याची मदत देतात तिथे जायची, तिथे एका म्हाताऱ्या बाईंचं प्रकरण तिच्याकडे होतं, सरांच्या देखरेखीखाली कागद वगैरे सगळं हीच बघायची. ते अजून संपलेलं नाही. तर हिने फॉर्मवर, पुढे काय करणार, याच्यासमोर लिहिलं, आजींचा निकाल लागेपर्यंत क्लिनिकमध्येच. ऑफिसवाल्यांना ते पद वाटलं नाही, संस्थेचं नाव नाही, कसला हुद्दा नाही, म्हणून त्यांनी ती ओळच काढून टाकली. तिला आधी कळलंही नव्हतं, स्टेजवरच कळलं.

हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं. चला, म्हणजे काहीतरी होतं तर. आता तिच्यासाठी मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. फोन ठेवला, पाणी प्यायले, आणि मग ते हलकं वाटणंच बोचायला लागलं. म्हणजे मला ती ओळ पाहिजेच होती. तिथे आजी नसत्या, नुसतंच, अजून ठरलं नाही, असं असतं तर? मी खूप दमलेय आणि दोन महिने झोपणार आहे, असं असतं तर? तितक्याच रात्री तिनेही जागवल्या असतील, तिलाही कोणीतरी अंधारात उठून बसून गोगलगायीची गोष्ट ऐकवायला सांगितलं असेल, किंवा तसं कोणीच नसेल आणि तिने भिंतीला सांगितली असेल.

त्या रात्री मी माझ्या समाधानासाठी मोठ्या लोकांच्या रिकाम्या ओळी आठवत बसले. सँड्रा डे ओ'कॉनर १९५२ ला स्टॅनफर्डमधून वरच्या नंबरात लॉ पास झाल्या, तर एका मोठ्या फर्मने विचारलं टायपिंग येतं का, द्यायची झाली तर सेक्रेटरीची नोकरी देऊ. शेवटी एका काउंटीच्या सरकारी वकिलाच्या ऑफिसात त्या आधी बिनपगारी लागल्या, सेक्रेटरीच्या खोलीतच टेबल टाकून. १९८१ ला त्याच बाई अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आपल्याकडच्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली, बाईला पदवी द्यायची पद्धत नव्हती म्हणून पदवी हातात पडली १९२२ ला. तीस वर्षं. आणि पॅसिफिकमधली ती पोरं, साउथ पॅसिफिक युनिव्हर्सिटीच्या व्हानुआटूमधल्या कॅम्पसवरचे लॉचे २७ विद्यार्थी, समुद्र आपली बेटं गिळतोय तर हवामानाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू असं त्यांनी २०१९ ला ठरवलं. वर्गात निघालेली कल्पना, ती मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव झाली, आणि २३ जुलै २०२५ ला हेगमधल्या त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हो, जबाबदारी आहे. त्या २७ जणांनी २०१९ ला असल्या फॉर्मवर काय लिहिलं असतं? पुढे, हेग? ऑफिसने खोडलंच असतं.

छान वाटलं हे आठवून. पण ओळीने ॲडा एव्हान्स पण आठवली आणि तिथे मी अडकले. ऑस्ट्रेलियात कायद्याची पदवी घेणारी पहिली बाई, सिडनी युनिव्हर्सिटी, १९०२. पदवी मिळाली पण बाईला वकिली करायची मुभाच नव्हती. ती मागणी करत राहिली, कायदा बदलायला १९१८ उजाडलं, तिला सनद मिळाली १९२१ ला. तोवर १९ वर्षं गेली होती, तब्येत साथ देत नव्हती, आणि तिने आलेलं काम घेतलं नाही. शिकून इतका काळ लोटलाय की आता ते आपल्याकडून नीट व्हायचं नाही असं तिला वाटलं. तिच्यानंतरच्या सगळ्या तिने उघडलेल्या दारातून आत गेल्या आणि ती स्वतः उंबरठ्यावरून मागे फिरली. म्हणजे सगळ्यांच्याच ओळी पुढे कधीतरी भरतात असंही नाहीये. त्या व्हरांड्यातल्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कदाचित मोठा वकील झाला असेल, कदाचित दोन वर्षांत कंटाळून दुसरंच काही करायला लागला असेल, बाबांना त्या दिवशी जे मिळालं त्यात त्याने काही कमी होत नाही.

काल रात्री भाचीचा व्हिडिओ परत बघितला, बहुतेक विसाव्यांदा. रेकॉर्डिंग चुकू नये म्हणून मी घाईत थोडं आधीच सुरू केलं होतं, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत माझा अंगठा, पुढच्या खुर्चीची पाठ असलं काहीतरी आहे आणि ते मी दरवेळी पुढे ढकलायचे. काल ढकललं नाही. हेडफोन लावला. बाईंचा आवाज येतो, तिचं नाव, मग ती शांतता, आता मला ती मोजता येते. बूट कापडी असल्यामुळे तिच्या पावलांचा आवाज नाही. मग कॅमेरा वर जातो, भाचीचं नाव, तिचं काय काय मिळवलेलं, पुढे कुठे जाणार ते, आणि टाळ्यांचा एकदम मोठा आवाज, त्यात माझ्याच हातांमुळे हललेलं चित्र. त्या आवाजात एक टाळी वेगळी ऐकू येते, बाकीच्यांच्या जरा आधी सुरू झालेली, जोरात, स्टेजच्या बाजूने येणारी. मी व्हिडिओ थांबवून मोठा करून बघितला. पलीकडच्या पायऱ्यांवर ती उतरता उतरता थांबलीये, वळलीये. चेहरा फ्रेममध्ये आलेला नाही. आखूड गाऊनची कड दिसते, पदवीचं भेंडोळं काखेत दाबलेलं दिसतं, आणि दोन्ही हात, टाळी वाजवताना हलल्यामुळे जरासे पुसट.